खुडूक कोंबडी, पिल्लं आणि शेजारचे खूर

या खेपेला कोंबड्यांविषयीची पत्रं सगळ्यांत जास्त आली. त्यांतली बहुतेक अशा घरांतून आली आहेत, जिथे कोंबड्यांबरोबर शेळ्या, गाय, बदकं, कुत्रं असं सगळं एकाच परसात नांदतं. माझंही परस तसंच आहे, त्यामुळे उत्तरं लिहिताना हात आखडता घेतलेला नाही. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी तीच आहे. पिल्लांची आई घारीला ओळखते, मांजराला ओळखते, मुंगूस दिसलं की अंगावर धावून जाते. पण रोज शेजारी रवंथ करत बसणाऱ्या शेळीचा खूर, काठोकाठ भरलेली बादली आणि औषध मिसळलेल्या खाद्याचं पोतं हे तिच्या लेखी धोके नाहीतच. या तिन्हींवर नजर आपण ठेवायची. बाकीचं ती आपल्याहून चांगलं करते.

प्रश्न : आमच्या दोन कोंबड्या एकदमच खुडूक झाल्या आहेत. दोघींनी शेळ्यांच्या गव्हाणीतल्या वैरणीतच बस्तान मांडलं आहे. तिथेच अंडी ठेवून उबवू द्यावीत, की हलवावं? गोठ्यात मोठ्या शेळ्या आहेत आणि दोन करडंही आहेत.

उत्तर : ताई, हलवाच. गव्हाण उंचावर, अंधारी आणि मऊ असते म्हणून कोंबडीला ती आवडते. पण करडांनाही तीच जागा उड्या मारायला आवडते, आणि एका उडीत निम्मी अंडी फुटतात. शिवाय कोंबडीची शीट वैरणीत पडते, ती शेळ्यांच्या पोटात जाता कामा नये.

हलवण्याआधी दोघी खरोखर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, आहेत ना, ते पाहून घ्या. दुपारी दोन तास घरट्यात बसून संध्याकाळी दांडीवर झोपायला जाणारी कोंबडी खुडूक नव्हे. खरी खुडूक रात्रीही जागा सोडत नाही. हात नेला तर पिसं फुलवून गुरगुरते, टोचते. तिच्या पोटाखाली हात घातला तर पिसं झडून उघडी पडलेली गरम कातडी लागते. दिवसातून एखाद्या वेळी, पाव ते अर्धा तास, ती उठते, दाणापाणी घेते आणि एकच मोठी, भयंकर वासाची शीट टाकते. हे सगळं प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे होतं. ते वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि बसण्याची ओढ लागते. जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत आणलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत ही ओढ जवळजवळ उरलेलीच नाही. तुमच्या दोघींत ती आहे, हे चांगलंच आहे.

हलवायचं ते रात्रीच, पूर्ण अंधार पडल्यावर. नवी जागा आधी तयार ठेवा. साधारण हातभर लांब-रुंद खोकं घ्या, त्याची पुढची कड बुटकी असू द्या, नाहीतर कोंबडी वरून उडी टाकते आणि अंडी फुटतात. तळाशी जराशी ओलसर माती थापून मधोमध खोलगट करा आणि वर पेंढा पसरा. खोलगटपणा असला की अंडी मधे जमतात, कडेला जाऊन गार पडत नाहीत. पहिले दोन दिवस खाली लाकडी किंवा प्लास्टिकची खोटी अंडी ठेवा. तिने नवी जागा मानली, शांत बसली, की मग रात्रीच खरी अंडी घाला. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ठेवायची झाली तर टोकदार बाजू खाली करून, गार जागी ठेवायची. फ्रिजमध्ये मात्र नको. मध्यम चणीच्या कोंबडीला दहा-बारा पुरेत, थंडीचे दिवस असतील तर आठ-नऊच.

दोघींना शेजारी-शेजारी बसवत असाल तर मधे फळी हवी, एकमेकींना दिसता कामा नयेत. आणि दोघींखाली अंडी एकाच रात्री घाला. एकीची पिल्लं आधी निघाली तर दुसरी आपली अर्धी उबवलेली अंडी टाकून त्या पिल्लांमागे जाते, किंवा त्यांना टोचते. मी दोन्ही पाहिलेलं आहे.

अजून एक. बसवण्याआधी शेपटीखालची, गुदद्वाराभोवतीची पिसं बाजूला करून उवा दिसतात का पाहा. खोक्याच्या फटींतही बोट फिरवा. लाल माइट दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. मोकळी कोंबडी धुळीत लोळून उवा थोड्याफार तरी झाडते. अंड्यांवरची कोंबडी तेवढा वेळ बाहेर येतच नाही. एरवी हट्टाने बसणारी कोंबडी मधेच घरटं सोडते, तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. जवळच कोरड्या मातीची आणि राखेची एक पाटी ठेवा.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या कोंबडीखालच्या अंड्यांचा आज एकोणिसावा दिवस. कान लावला तर एकातून चिवचिव ऐकू येते. कवच फोडायला मदत करू का? आणि बाकीच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालून जातात, ती ओळखायची कशी?

उत्तर : बाळा, कान लावून ऐकलंस हे फार छान केलंस, पण कवचाला हात लावू नकोस. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडतं आणि अंड्याच्या रुंद टोकाशी असलेल्या हवेच्या कप्प्यात पहिल्यांदा श्वास घेतं. तू ऐकलंस ते हेच. पण कवचालगतच्या पापुद्र्यात अजून रक्त वाहत असतं आणि उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घ्यायचा बाकी असतो. घाईने कवच काढलं तर रक्तस्राव होतो. कवचाला पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास सहज लागतात. मधे ते बराच वेळ गप्प पडून राहतं, तेव्हा घाबरू नकोस.

या दिवसांत कोंबडीकडेही लक्ष दे. ती हळू, घोगऱ्या आवाजात ‘कुक्‌ कुक्‌’ करते आणि अंड्यातून तिला उत्तर येतं. पिल्लं बाहेर येतात ती आईचा आवाज ओळखतच येतात.

शेवटचे तीन दिवस तिला उठवायचं नाही. आधी निघालेलं पिल्लू उपाशी राहील अशी काळजीही नको. पोटात ओढलेल्या बलकावर ते दोन दिवस निभावतं, म्हणूनच आई बाकीच्यांसाठी थांबू शकते.

बाहेरच्या अंड्यांचं म्हणशील, तर पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी प्रत्येक अंड्याभोवती पेन्सिलीने गोल रेघ ओढ. कोंबडी दाण्याला उठली की बिनरेघेची अंडी काढून घे. आता मात्र ती स्वतः पिल्लं घेऊन उठेपर्यंत थांब. मग उरलेली अंडी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर धर. ताजं अंडं सगळं उजळतं. भरलेलं अंडं हवेचा कप्पा सोडून काळं दिसतं.

प्रश्न : आमची कोंबडी शेळ्यांच्या अंगावर धावून जाते, त्या दोन पावलं मागे सरतात. मग पिल्लांना गोठ्यात मोकळं सोडायला हरकत नाही ना?

उत्तर : दादा, हरकत आहे, आणि तुमच्या प्रश्नातच तिचं कारण आहे. ‘दोन पावलं मागे सरतात.’ आमची ठिपकी अशीच रागीट. एका शेळीने तिच्या पिल्लांजवळ हुंगायला तोंड आणलं. ठिपकी पंख जमिनीला घासत, फुगून दुप्पट झाली आणि शेळीच्या नाकावर चोच मारली. शेळी दचकून मागे झाली. पिल्लं तोवर पांगली होती. त्यांतलं एक नेमकं शेळीच्या मागच्या पायांशी होतं. खूर त्याच्या बाजूला चार बोटांवर पडला. ठिपकीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं भांडण तोंडाशी होतं, पायांशी नव्हतं.

शेळी पिल्लांना मुद्दाम मारत नाही. ती बसते, उठते, दुसरीला ढुशी देते, आणि त्यात पिल्लू सापडतं. पहिल्या पंधरवड्यात पिल्लू आईच्या हाकेला धावतं खरं, पण भरकन बाजूला होण्याइतकं चपळ नसतं. शिवाय दुपारी आई जिथे बसेल तिथे ती पंखांखाली शिरतात. ती जागा शेळ्यांची बसायची निघाली तर सगळं घरटंच धोक्यात येतं. म्हणून निदान पहिले दोन आठवडे वेगळा कोंडवाडा हवा, तळालाही जाळी लावलेला. जाळीचं भोक अर्ध्या इंचाहून मोठं नको. कोंबड्यांची म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला, घुशीला आणि सापाला बाहेर ठेवत नाही. चार पिल्लं एका रात्रीत नाहीशी झाली, असं लिहिणाऱ्या तिघांच्याही पत्रांत तीच जाळी होती.

पाण्याचंही इथेच सांगते. शेळ्यांची बादली जमिनीवर ठेवू नका, शेळीच्या छातीइतक्या उंचीवर आकड्याला अडकवा. जमिनीलगत हौद असेल तर त्यात एका कोपऱ्यात दगडांची उतरंड काठापर्यंत रचा. पिल्लांच्या थाळीत गोटे भरा, म्हणजे चोच बुडते आणि अंग कोरडं राहतं.

प्रश्न : पिल्लांसाठी आणलेलं चिक स्टार्टर शेळ्यांनी पोतं पाडून फस्त केलं. एका शेळीची डावी कूस टम्म फुगली होती, पशुवैद्य वेळेवर आले म्हणून वाचली. शेजाऱ्यांचं घोडंही कधीकधी कुंपणातून तोंड घालतं. खाद्य ठेवावं तरी कुठे?

उत्तर : या पत्राला मी सगळ्यांत जास्त जागा देते आहे. मिश्र परसात जनावर दगावण्याचं जे कारण मला सगळ्यांत टाळता येण्यासारखं वाटतं, ते हेच.

शेळीच्या पोटात जंतूंचा एक संसार असतो. तो पाल्यावर आणि चाऱ्यावर सावकाश चालतो. दळलेलं धान्य एकदम भरमसाट आत गेलं की त्याचं झपाट्याने आम्ल होतं. पोट थांबतं, गॅस साठतो, शेळी दात खाते, आडवी पडते. याच खाण्याने आतड्यातले एरवी गप्प असलेले जंतू वाढून आंत्रविषार होतो. त्यात धडधाकट करडू संध्याकाळी खेळतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. आंत्रविषाराची लस मिळते, ती शेळ्यांना दिलेली असू द्याच. पण लस आम्लापासून वाचवत नाही.

आता घोड्याचं. पिल्लांच्या बऱ्याच खाद्यांत रक्ती हगवण रोखणारं औषध मिसळलेलं असतं. मोनेन्सिन आणि सॅलिनोमायसिन ही त्यांतली नेहमीची नावं. कोंबडीला ती मानवतात. घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंवर मात्र ती घाव घालतात. मोनेन्सिनची जीवघेणी मात्रा कोंबडीत दर किलो वजनामागे सुमारे २०० मिलिग्रॅम असते, घोड्यात अवघी २ ते ३ मिलिग्रॅम. गाय-शेळी या दोन्हींच्या मधे कुठेतरी येते, म्हणजे जास्त खाल्लं तर तीही सुरक्षित नाही. पोत्यावरची चिठ्ठी वाचा. यांतलं नाव दिसलं तर घोडं पोहोचेल अशा कुंपणालगत ते खाद्य ठेवूच नका, आणि शेजाऱ्यांना आजच सांगा. मेंढ्या असतील तर आणखी एक सांभाळायचं. मेंढीला तांबं फार लवकर बाधतं, आणि कोंबडीच्या खाद्यात ते मेंढीला झेपेल त्याहून जास्त असू शकतं.

ठेवायचं कुठे? पोतं झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात, आणि झाकणाला कडी. शेळी ओठांनी साधी कडी उघडते, म्हणून आकडा उलट बाजूने अडकणारा घ्या. खायला घालण्यासाठी मी लाकडी चौकटीला जाळी ठोकून एक बुटका पिंजरा केला आहे. त्याला जमिनीलगत वीतभरापेक्षा थोडं कमी उंचीचं दार आहे. कोंबडी मान खाली घालून आत शिरते, मागोमाग पिल्लं. मोठ्या शेळीचं तोंड आत जातं, पण पुढे खांदा अडतो. म्हणून थाळी दारापासून दोन हात आत ठेवायची. करडं लहान असली तर ती सरपटत घुसतात. तशा दिवसांत खाद्य सकाळ-संध्याकाळ बेताने घाला आणि उरलेलं उचला.

आई आणि पिल्लं एकत्र खातात तेव्हा दोघांना पिल्लांचंच खाद्य द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्का पुरे. जास्तीच्या कॅल्शियमने कोवळ्या पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. आईचं यात काही अडत नाही, कारण ती त्या काळात अंडी घालतच नसते.

प्रश्न : पिल्लांच्या शिटेत रक्त आहे आणि त्याच आठवड्यात करडांनाही हगवण लागली. तपासणीत दोघांतही कॉक्सिडिया निघाले. कोंबड्यांमुळे करडांना लागण झाली का? कोंबड्या काढून टाकाव्यात असं घरात म्हणतात.

उत्तर : काढून टाकू नका. कोंबडीचे कॉक्सिडिया करडाला बाधत नाहीत आणि करडाचे कोंबडीला बाधत नाहीत. आयमेरिया गटातले हे परजीवी आपापल्या जनावराला चिकटून असतात. दोघं एकाच वेळी आजारी पडली त्याचं कारण जमीन ओली होती. विष्ठेतून पडलेली या परजीवींची बीजं लगेच बाधत नाहीत. त्यांना ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. गोठ्याच्या उतारावर पाणी साचलं की तिथे दोन्ही जातींची पिकं एकदमच येतात.

तेव्हा उपाय जमिनीवरच करायचा. ओली गादी काढून कोरडा भुसा टाका, पाण्याचं भांडं पिल्लांच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवा, कोंडवाडा दर काही दिवसांनी नव्या कोरड्या जागेवर सरकवा. पिल्लांना तीन ते सहा आठवड्यांच्या वयात हा आजार जास्त होतो. फुगून, पंख टाकून, डोळे मिटून उभं असलेलं पिल्लू दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. पाण्यातून द्यायचं अँप्रोलियम ते लिहून देतील. ते चालू असताना आपल्या मनाने ब जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नका. अँप्रोलियमची घडण ब-१ जीवनसत्त्वासारखीच असते, त्या जोरावरच ते परजीवीला फसवतं. टॉनिक दिलं की औषधाचा जोर कमी होतो.

आईबरोबर मातीत फिरणारी पिल्लं थोडी थोडी बीजं चोचीतून घेत प्रतिकारशक्ती कमावतात, हाही आईखाली वाढवण्याचा मोठा फायदा आहे. मात्र जमीन कोरडी असली तरच ते थोडं थोडं राहतं.

साल्मोनेलाचं तसं नाही. तो कोंबडीतून गुरांतही जातो आणि माणसांतही. मुलं पिल्लांना गालाला लावतात, त्यांना आवरा आणि साबणाने हात धुवायला लावा.

प्रश्न : बदकी अंडी घालते पण बसत नाही. कोंबडीखाली बदकाची आणि कोंबडीची अंडी मिळून ठेवली तर?

उत्तर : मिळून नको. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं, बदकाचं २८, आणि मस्कोवी बदकाचं तर ३५. पिल्लं निघाली की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि बदकाची अंडी गार पडतात. नुसती बदकाची पाच-सहा ठेवा. ती जड असतात, लहान चणीच्या कोंबडीला उलटता येत नाहीत, म्हणून ती दाण्याला उठली की तुम्ही उलटून ठेवा. शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिंतोडा द्या. जास्त दिवस बसावं लागल्याने कोंबडी वाळते, तिचा दाणा जवळच ठेवा.

बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. नुसत्या चिक स्टार्टरवर त्यांचे पाय वाकू शकतात, तेव्हा खाद्यात यीस्ट मिसळा. आणि आई कोंबडी असल्याने त्यांना पहिले काही आठवडे खोल पाण्यात सोडू नका. बदकी आपल्या अंगचं तेल पिल्लांच्या लवेला लावते, कोंबडीकडून ते मिळत नाही, मग पिल्लं भिजून गारठतात.

तुमच्याकडे नर बदक आहे का, ते पत्रात नाही. असेल तर कोंबड्यांपासून वेगळा ठेवा. बदकाला लिंग असतं, कोंबड्याला नसतं. बदक कोंबडीवर चढलं तर तिला आतून इजा होते.

प्रश्न : कोंबडीच्या पिल्लांबरोबर टर्कीची पिल्लं वाढवावीत का?

उत्तर : नाही. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून ब्लॅकहेड या रोगाचा परजीवी पसरतो. कोंबडीला त्याचा बहुधा फारसा त्रास होत नाही, टर्कीचं मात्र यकृत सडतं आणि कळपच्या कळप जातो. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळांतही राहतात. म्हणून कोंबड्या फिरलेल्या जागेतसुद्धा टर्की नको. सॅलिनोमायसिनचं खाद्यही टर्कीला विषारी आहे.

प्रश्न : गाईच्या गव्हाणीत कोंबड्या शेणातले किडे खाऊन झाल्यावर दाणे टिपतात. चालेल ना?

उत्तर : शेणात उकरू द्या, माश्यांच्या अळ्या कमी होतात. गव्हाणीत नको. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. मेलेलं पिल्लू वैरणीत, कडब्याच्या गंजीत किंवा शेणखतात राहू देऊ नका. सडलेल्या पक्ष्यात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात. ते चाऱ्यातून गेलं तर गाय लुळी पडते आणि बहुधा वाचत नाही. पिल्लं रोज मोजा. एक कमी भरलं तर ते सापडेपर्यंत शोधा आणि खोल पुरा.

प्रश्न : कोंबडा पिल्लांना मारील का? आणि कुत्र्याचं काय?

उत्तर : कळपात वाढलेला कोंबडा सहसा मारत नाही, उलट दाणा दाखवून हाक मारतो. एखादा वाईट निघतो, तो पहिल्या दिवशीच कळतो. कुत्र्याचं वय विचारात घ्या. वर्षाच्या आतलं कुत्रं चावायला नव्हे तर खेळायला म्हणून पिल्लू तोंडात धरतं, पण पिल्लू मरायचं ते मरतंच. त्याला दोरीला बांधून, कोंबडीच्या चोचीचा एखादा प्रसाद मिळू द्या. तरी एकटं सोडू नका.

प्रश्न : कोंबडी वीस दिवस खोट्या अंड्यांवर बसली आहे. तिला विकतची पिल्लं लावता येतील का?

उत्तर : येतील, आणि ही तिची वेळ अगदी योग्य आहे. पिल्लं एक ते तीन दिवसांची हवीत. त्याहून मोठी पिल्लं तिच्या हाकेला ओ देत नाहीत. काम रात्री करा, टॉर्चला कापड गुंडाळून. पिल्लू मुठीत धरा, तळहाताची पाठ वर ठेवा, म्हणजे चोच तुमच्या हाताला लागेल. मागच्या बाजूने हात तिच्या पोटाखाली सरकवा, पिल्लू सोडा आणि येताना एक खोटं अंडं घेऊन या. पिल्लू गप्प झालं की दुसरं. तिच्या पंखांखाली मावतील तेवढीच द्या.

खरी परीक्षा पहाटेची असते. उजाडायच्या आत तिथे जाऊन बसा. ती घोगरं ‘कुक्‌ कुक्‌’ करत दाणा उचलून परत खाली टाकत असेल, तर तिने पिल्लं आपली मानली. डोक्यावर जोरात टोचत असेल आणि पिल्लू किंचाळत असेल, तर सगळी लगेच काढून घ्या. यासाठी दिव्याची ऊब, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस, आधीच तयार ठेवायची. विकत घेताना मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचली होती का ते विचारा. तुमच्या जुन्या कोंबड्या धडधाकट दिसत असल्या तरी त्यांच्यात तो विषाणू असू शकतो. राणीखेत या रोगाच्या लसीचे थेंब केव्हा द्यायचे तेही पशुवैद्याला तेव्हाच विचारून ठेवा.

प्रश्न : आई पिल्लांना कधी सोडते? आणि मग पिल्लं शेळ्यांत मोकळी फिरली तर चालेल?

उत्तर : साधारण सहा ते आठ आठवड्यांत. एके दिवशी ती जवळ आलेल्या पिल्लाला टोचून हाकलते आणि रात्री दांडीवर चढते. पाहायला वाईट वाटतं, पण पिल्लांना तोवर पूर्ण पिसं आलेली असतात, उबेची गरज संपलेली असते. थोड्याच दिवसांत ती पुन्हा अंड्यावर येते.

मोकळं सोडणं मात्र आई असतानाच सुरू करा. तिसऱ्या आठवड्यापासून शेळ्या चरायला गेल्या की तिला पिल्लांसकट गोठ्यात फिरू द्या. जागेची, दाराची, पळायच्या वाटांची ओळख ती करून देते, आणि मोठ्या कोंबड्यांच्या टोचणीतही ती मधे पडते. शेळ्या घरी असताना सोडायचं ते पिल्लं दोन हात उंच उडायला लागल्यावरच. आई वेगळी झाली तरी ती भावंडं काही काळ घोळक्याने राहतात. त्यांना त्यांची दांडी वेगळी आणि थोडी खाली द्या.

पुढे तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या, अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे अठरा-वीस आठवडे, त्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य नको. लहान-मोठ्या एकत्र खात असतील तर सगळ्यांनाच वाढीचं खाद्य घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी देणारी कोंबडी त्यातला हवा तेवढा खाते, तलंगा त्याला फारशा शिवत नाहीत.